समुद्राचा दाब अंगावर घेणारे हाल्डेन

मांजरसुंब्याच्या चौकातून रात्रंदिवस ट्रक धावतात. त्यांना लागणाऱ्या डिझेलसाठीचे काही खनिज तेल मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रातून येते. १९७४ मध्ये ‘मुंबई हाय’ येथे तेल सापडले. तिथले पोलादी मनोरे सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात उभे आहेत. त्यांना गंज लागला का, सांधा तडकला का, हे वरचेवर पाहावे लागते. हे काम पाणबुडे करतात आणि आता केबलने जहाजाशी जोडलेले, कॅमेरा व यांत्रिक हात असलेले रोबोटही करतात. खोल पाण्यात माणसाच्या शरीराची मर्यादा कुठे येते, हे स्वतःवर प्रयोग करून पाहणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव आघाडीवर आहे.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जे. एस. हाल्डेन हे श्वसनाचे मोठे अभ्यासक. ते लहानग्याला कोळशाच्या खाणीत घेऊन गेले आणि उभे राहून एक भाषण म्हणायला सांगितले. छताजवळ मिथेन साचला होता. मुलगा धापा टाकत खाली कोसळला आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही.

खोल पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो. त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात व चरबीत विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर सोडा बाटलीचे बूच काढावे तसे बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात, लकवा होतो, कधी जीवही जातो. वडिलांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अभ्यासादरम्यान १३ वर्षांच्या मुलानेही स्कॉटलंडच्या समुद्रात बुडी घेतली होती. पोशाख सैल असल्याने आत पाणी शिरले, तरी तो डगमगला नाही.

विज्ञानाची पदवी नसतानाही पुढे ते आनुवंशिकीतले दिग्गज ठरले. जून १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण मृत्युमुखी पडले. हाल्डेन यांनी सहकाऱ्यांसह बंद कोठडीत तासन्‌तास बसून कार्बन डायऑक्साइडचा परिणाम तपासला. नंतर दहा वातावरणांपर्यंतचा दाब सोसला. एवढ्या दाबाखाली साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखी नशा आणतो, तर शुद्ध प्राणवायूने झटके येतात, हे त्यांनी अनुभवले. अशाच एका झटक्यात त्यांच्या मणक्यांना इजा झाली. कानाचे पडदेही फाटले.

१९५७ मध्ये ते भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले. कोलकात्यानंतर भुवनेश्वरला स्थिरावले. गुदाशयाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी त्यावर विनोदी कविता लिहून लोकांना वेळीच तपासणी करण्याचा सल्ला दिला. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. देह काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

रोबोटच्या रक्तात नायट्रोजन विरघळत नाही. म्हणूनच धोक्याच्या खोलीवर आधी यंत्र पाठवणे शहाणपणाचे. बीड जिल्ह्यात समुद्र नाही, पण विहिरी आहेत. खाणीतला मिथेन वर साचतो; जुन्या विहिरीत मात्र जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि प्राणवायू कमी पडतो. आत इंजिन लावले, तर कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. या वायूंना वास नसतो. खाली कोणी कोसळले, तर त्याच्यामागे उडी घेणाराही जातो. अग्निशमन दलाला बोलवावे, वरून हवा सोडावी, दोर बांधल्याशिवाय आणि श्वसनयंत्राशिवाय कोणीही उतरू नये. हाल्डेन पिता-पुत्रांनी जिवावर उदार होऊन मिळवलेले हे ज्ञान आपल्याला फुकट मिळाले आहे.