इंदिराराजे आणि शिफॉनची साडी

मुरगूडच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात तुम्ही शिफॉनची साडी पाहिली असेल. ती अगदी हलकी, झुळझुळीत असते. आज ती बहुधा कृत्रिम धाग्याची असते. पूर्वी शिफॉन अस्सल रेशमाचेच असे. या परदेशी कापडाची साडी आपल्याकडे रूढ करण्याचे श्रेय एका मराठी राजकन्येला दिले जाते. तिचे नाव इंदिराराजे गायकवाड.

इंदिराराजेंचा जन्म १८९२ मध्ये बडोद्याला झाला. महाराज सयाजीराव गायकवाड त्यांचे वडील आणि महाराणी चिमणाबाई त्यांच्या आई. सयाजीरावांनी मुलीला कॉलेजात शिकवले. पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी त्यांचे लग्न ठरले. माधवराव वयाने बरेच मोठे होते आणि त्यांची पहिली राणी हयात होती. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी इंदिराराजेंचे मन कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्यावर जडले. मग त्यांनी काय केले असेल? आईवडिलांना न सांगता स्वतःच माधवरावांना पत्र लिहून लग्न मोडले! ग्वाल्हेरहून तार आली, तेव्हा कुठे बडोद्याला ही गोष्ट कळली. १९१३ मध्ये लंडनला त्यांचे जितेंद्रनारायणांशी लग्न झाले. आईवडील लग्नाला आले नाहीत.

१९२२ मध्ये लंडनलाच जितेंद्रनारायण वारले. इंदिराराजे तेव्हा तीस वर्षांच्या होत्या आणि पदरी पाच मुले होती. भारतात परतताना जहाजावर पांढऱ्या वस्त्रांत रडणारी आई त्यांची मुलगी गायत्रीदेवी कधी विसरली नाही.

त्या काळी विधवेने नटूथटू नये, घराबाहेर पडू नये, अशी रूढी होती. इंदिराराजेंनी ती मानली नाही. मुलगा लहान होता, म्हणून १९३६ पर्यंत कूचबिहारचा कारभार त्यांनीच पाहिला. राहणीही स्वतःच्या मनासारखी ठेवली. रेशमी साडी उन्हाळ्यात उकडते आणि सुती साडी समारंभात साधी दिसते. शिफॉनमध्ये ही अडचण नव्हती. पण साडीला पुरेल एवढा पन्हा मिळत नसे. (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, उर्दूत तुम्ही त्याला अर्ज म्हणता.) त्यांनी पॅरिसच्या एका नामांकित पोशाखगृहाकडून ४५ इंच पन्ह्याचे कापड मुद्दाम तयार करवून घेतले. पॅरिसच्या स्त्रिया ज्या कापडाचे संध्याकाळचे झगे शिवत, त्याची इंदिराराजे साडी नेसू लागल्या. पाहता पाहता इतर संस्थानांच्या राण्याही शिफॉन नेसू लागल्या.

त्यांना पादत्राणांचाही भारी शौक! इटलीतील प्रसिद्ध कारागीर फेरागामो यांच्याकडे त्यांनी शंभराहून अधिक जोड करायला सांगितले आणि काहींवर जडवण्यासाठी मोती व हिरे स्वतः पाठवले. हा खर्च जास्तच म्हणायला हवा.

१९६८ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. कूचबिहारच्या त्यांच्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे.