विल्यम हेन्री साइक्स

विल्यम हेन्री साइक्स (जन्म : २५ जानेवारी १७९०, मृत्यू : लंडन, १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ आणि निसर्ग अभ्यासक होते. दख्खनमधील पक्षी, सस्तन प्राणी आणि गोड्या पाण्यातील मासे यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या युरोपीय अभ्यासकांमध्ये त्यांची गणना होते. भीमा खोऱ्यातील अनेक माशांना त्यांनी स्थानिक मराठी नावांवरून शास्त्रीय नावे दिली. त्यांपैकी बरीच नावे आजही जगभर प्रचलित आहेत.

लष्करी कारकीर्द

साइक्स यांचे घराणे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे होते. १८०३ मध्ये ते कंपनीच्या सेवेत दाखल झाले आणि १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात सहभागी झाले. पुढे त्यांनी हिंदुस्थानी व मराठी या भाषांचे शिक्षण घेतले आणि दुभाषाची पात्रता मिळवली. पेशवाईच्या अखेरच्या युद्धात, १८१७ मध्ये खडकी व पुणे येथे झालेल्या लढायांत ते कंपनीच्या बाजूने लढले. १८२० मध्ये ते युरोपात परतले आणि सुमारे चार वर्षे तेथे प्रवास करत राहिले.

दख्खनचे सर्वेक्षण

१८२४ मध्ये ते भारतात परतल्यावर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी अहवाल अधिकारी म्हणून नेमणूक केली. पेशव्यांकडून नव्याने हाती आलेल्या मुलखाची लोकसंख्या, शेती, जमीनधारा, हवामान आणि नैसर्गिक संपत्ती यांची माहिती गोळा करणे हे त्यांचे काम होते. त्यांच्या पाहणीत पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे होते. आजच्या भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांचा मोठा भाग तेव्हा पंत सचिवांच्या भोर संस्थानात असल्याने कंपनीच्या थेट अमलाबाहेर होता. मात्र साइक्स यांनी ज्या मुळा-मुठेचे मासे अभ्यासले, त्या मुठेला मिळणाऱ्या आंबी व मोसे या नद्या याच डोंगराळ भागातून वाहत येतात.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने हे पद रद्द केले. तोपर्यंत पाहणी पूर्ण झालेली नव्हती. साइक्स यांनी लष्करी कामातून रजा घेऊन अहवालांचे काम पुढे चालू ठेवले आणि जानेवारी १८३१ मध्ये ते संपवले. त्यानंतर ते इंग्लंडला परतले व १८३३ मध्ये कर्नल या हुद्द्यावरून निवृत्त झाले.

प्राणिशास्त्रातील कार्य

१८३२ मध्ये त्यांनी दख्खनमधील पक्षी व सस्तन प्राण्यांच्या सूची प्रसिद्ध केल्या. पक्ष्यांच्या सूचीत शास्त्राला नवीन अशा ५६ जातींची नोंद होती. पाणथळ जागी सर्वत्र दिसणारी ढोकरी (वंचक) त्यांपैकीच एक होय. एका चंडोलाला त्यांच्या नावावरून साइक्सचा चंडोल म्हणतात. दख्खनमधील कोळसुंदा म्हणजेच रानकुत्रा, रेशमाचे किडे आणि वातावरणाच्या दाबातील दैनंदिन चढउतार या विषयांवरही त्यांनी निबंध लिहिले.

दख्खनचे मासे

माशांवरील त्यांचे लेखन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेमार्फत १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध झाले. नव्या जातींना नावे देताना त्यांनी दोन मार्ग अवलंबले. काही माशांना त्यांनी समकालीन युरोपीय अभ्यासकांची नावे दिली. यॅरेल, चिल्ड्रन, ओगिल्बी, व्हिगर्स आणि रुपेल यांची नावे अशा प्रकारे दख्खनच्या माशांना जोडली गेली. इतर अनेक माशांसाठी मात्र त्यांनी स्थानिक नावेच लॅटिन पद्धतीच्या द्विनामात बसवली. खुदरी, कोळस, नुक्ता, मुल्या, फुलंगी आणि ताकरी ही त्याची उदाहरणे होत. रोहटी या प्रजातीचे नावही त्यांनीच रूढ केले.

पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या खुदरीला आज टॉर खुद्री, म्हणजेच दख्खनी महसीर, असे ओळखले जाते. मुस्कटावर शिंगासारखा उंचवटा असलेल्या नुक्ताचे वर्णन त्यांनी चाकणजवळच्या इंद्रायणीतून केले. ज्या मासेमारांच्या तोंडची ही नावे शास्त्रात टिकली, त्यांची स्वतःची नावे मात्र या लेखनातून आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

या कामाला मर्यादाही होत्या. काही वर्णने अतिशय त्रोटक आहेत आणि अनेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे काही जातींची ओळख दीर्घकाळ वादग्रस्त राहिली. शिरूर येथील घोड नदीतून वर्णिलेल्या मुसुल्ला या माशाचे नाव नंतरच्या अभ्यासकांनी एका महसीरला लावले. तो मासा महसीर नसून वेगळ्या प्रजातीतील आहे, हे २०१३ मधील संशोधनाने स्पष्ट केले.

गळाची मासेमारी आणि कृत्रिम आमिष

महसीर हा गळाने मासे पकडणाऱ्यांचा आवडता मासा आहे. हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या १८७३ मधील द रॉड इन इंडिया या ग्रंथाने भारतातील या छंदाला मोठी प्रसिद्धी दिली. महसीर पाण्यात पडलेली फळे, किडे, खेकडे व लहान मासे असे सर्व काही खातो. त्यामुळे त्याच्यासाठी कणकेच्या गोळ्यापासून चकाकत्या धातूच्या चमच्यापर्यंत नाना प्रकारची आमिषे वापरली जातात. १९४९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले आणि त्यातून नव्या प्रकारच्या आमिषांची सुरुवात झाली. पीव्हीसीची भुकटी व तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांचे दुधाळ मिश्रण सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ते पारदर्शक झाले की रंग घालून प्लास्टरच्या किंवा सिलिकॉनच्या साच्यात ओततात. गार झाल्यावर लवचीक आमिष साच्यातून निघते. हे काम घरीही करता येते. मात्र तापलेल्या मिश्रणाच्या वाफा घातक असल्याने ते मोकळ्या हवेत करावे लागते. असे आमिष बेतण्यासाठी शिकारी माशाच्या भक्ष्याचा आकार, रंग आणि हालचाल ठाऊक असावी लागते. साइक्स यांनी वर्णन केलेले चिमुकले मुरे व अळकुट्या हे दख्खनच्या नद्यांतील असेच भक्ष्य होय. तुटून पाण्यात पडलेले प्लास्टिक कुजत नाही आणि मासे ते गिळतात, हा या आमिषांचा मोठा दोष आहे.

सार्वजनिक जीवन

इंग्लंडमध्ये साइक्स १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या संस्थापकांमध्ये ते होते आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचे अध्यक्ष होते. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर आले व १८५६ मध्ये त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. १८५८ मध्ये त्यांची रॉयल एशियाटिक सोसायटीच्या अध्यक्षपदी निवड झाली. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत होते. चीनमधील ताइपिंग उठावात ब्रिटनने हस्तक्षेप करू नये, अशी त्यांची भूमिका होती.

वारसा

साइक्स यांच्या काळातील वाहत्या नद्यांचे रूप आता बदलले आहे. भोर तालुक्यात वेळवंडीवर भाटघर आणि नीरेवर नीरा-देवघर, तर वेल्हे तालुक्यात आंबीवर पानशेत ही धरणे झाली. पुण्याखालील मुळा-मुठा शहराच्या सांडपाण्याने दूषित झाली आहे. नुक्ताची गणना आता संकटग्रस्त जातींमध्ये होते. दख्खनी महसीरचे लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून कृत्रिम प्रजनन केले जाते. तेथील पिल्ले अनेक जलाशयांत सोडण्यात आली. कावेरीत सोडलेल्या या माशांमुळे मात्र तेथील मूळच्या कुबड असलेल्या महसीरच्या अस्तित्वाला धोका निर्माण झाला. कोणता मासा मूळचा कोणत्या नदीतला, हे ठरवताना अभ्यासकांना आजही साइक्स यांच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो.