फादर स्टीफन्स आणि ओवीतले चमत्कार



प्रभू येशूचे चमत्कार आज आपण मिस्सामध्ये मराठीत ऐकतो. चारशे वर्षांपूर्वी ते मराठी ओवीत सांगितले एका इंग्रज धर्मगुरूंनी.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी तिथे कॅथलिक म्हणून जगणे अवघड होते. १५७५ मध्ये ते रोमला येशूसंघात दाखल झाले, आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. त्या प्रवासात जहाजावरचे दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, सत्तावीस दगावले.

पुढची सुमारे चाळीस वर्षे, बहुतेक सासष्टीत, त्यांनी सेवा केली. तिथे १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीला फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, त्याचा राग लोकांच्या मनात होता, हेही सांगितले पाहिजे. सोबत्यांचे मृतदेह मिळवून त्यांना माती देण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. त्या दिवशी कोणताही चमत्कार घडला नाही. माझ्या मते, त्यांचे पुस्तक वाचताना ही गोष्ट विसरू नये. ज्याने आपली माणसे पुरली, त्याने नंतर लाजरसाला उठवणाऱ्या प्रभूचे चरित्र लिहिले.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या. मग वाचायचे काय? ओवीची सवय असलेल्या माणसाला नुसती प्रश्नोत्तरे पुरत नाहीत. आपल्याकडे पोथीला बसणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको! म्हणून फादरांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले.

त्यात काना गावचे लग्न आहे. आपण द्राक्षारसाकडे पाहतो. मला मात्र चाकर आठवतात. सहा रांजण, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी. उन्हाळ्यात पाणी वाहून आणणाऱ्या आपल्या माताभगिनींना ते ओझे कळेल. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना त्यांनी ते काठोकाठ भरले. देवाचे सामर्थ्य प्रकट झाले ते त्यानंतर. तत्त्वज्ञान शिकताना चमत्कार आणि निसर्गनियम यांवर आम्ही पुष्कळ वाद घातले. त्या चाकरांची आठवण कुणालाच झाली नाही.

फादर स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यात निवर्तले. त्यांचे पुराण रविवारी व सणांना चर्चमध्ये वाचले जाई. पुढे १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडचे ख्रिस्ती लोक श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, तेव्हा तिथेही ते याच ओव्यांनी धीर धरत, असे सांगतात. पहिल्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. लोकांनी हाताने उतरवून घरात जपलेल्या प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, आणि १९५६ मध्ये देवनागरीत आले.