खडकी वसविणारा मलिक अंबर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीला ऑपरेशनसाठी घाटी दवाखान्यात ठेवले होते. कापूस वेचणीला आलेला, त्यामुळे वडिलांना शेत सोडून येणे शक्य नव्हते. आईला अक्षरओळख नाही. कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे वाचू शकणारी घरात मी एकटीच; म्हणून मी आणि सातवीत शिकणारा माझा भाऊ असे दोघे आजीजवळ आठ दिवस राहिलो. दुपारी आजीला झोप लागे. तेवढ्या तीन-चार तासांत आम्ही दोघे पायी शहर पाहून आलो. रिक्षाला द्यायला पैसे नव्हते हे खरे, पण ते एका अर्थी बरेच झाले, कारण हे शहर चालत पाहण्याचेच आहे.

या शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे झाले आहे. आजीच्या तोंडी मात्र ते अजून औरंगाबादच. आणि ज्याने ते वसविले त्याच्या काळी ते खडकी होते. वसविणाऱ्याचे नाव मलिक अंबर. बी. ए.च्या पहिल्या वर्षी निजामशाहीच्या शेवटाबद्दल वाचताना हे नाव माझ्या वहीत आले होते. परीक्षा झाली आणि मी ते विसरले. भडकल दरवाजाखाली उभी राहिले तेव्हा ते पुन्हा आठवले. परत आल्यावर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मिळाली तेवढी पुस्तके वाचून काढली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मलिक अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि तांबड्या समुद्रापलीकडच्या मोखा बंदरातून बगदादपर्यंत, एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला. त्यांतल्या मीर कासीम नावाच्या मालकाने या मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहावाचायला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. मी हे सांगत होते तेव्हा भावाने मधेच विचारले की, माणसाची किंमत कशी ठरवीत? आमच्याकडे आठवडी बाजारात बैलाचे दात पाहतात, पाठीवर थाप मारून पाहतात. गुलामांच्या बाजारातही याहून फार वेगळे काही होत नसावे. मी त्याला तसे सांगितले. मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

पुढे अंबराला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशीच होता आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. राज्य कसे चालते, फौज कशी पोसतात, दरबारात कोण कोणाचा गळा केव्हा धरतो, हे सारे अंबर या घरात शिकला. १५७४-७५ च्या सुमारास चंगीझखानाचा मृत्यू झाला आणि त्याच्या विधवेने अंबराला दास्यातून मुक्त केले. त्यानंतरची वीस वर्षे त्याने साध्या शिपाईगिरीत काढली. काही काळ तो विजापूरकरांच्या चाकरीत होता. मलिक हा किताब त्याला तिथलाच. १५९५ च्या सुमारास तो पुन्हा अहमदनगरच्या मुलखात आला तेव्हा त्याच्या हाताखाली दीडशे घोडेस्वार होते आणि वय सत्तेचाळीसच्या आसपास. आमच्या गावाकडे या वयाला माणसे मुलांच्या हाती कारभार देऊन पारावर बसू लागतात. मलिक अंबराचे खरे आयुष्य येथून सुरू झाले.

इ. स. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. अकबर बादशहाच्या दृष्टीने निजामशाही संपली. पण अंबराने राजघराण्यातील एक वारस शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून त्याला गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली, आणि नसलेले राज्य पुन्हा उभे केले. पुढची पंचवीस वर्षे तो दिल्लीच्या सत्तेशी झुंजत राहिला. समोरासमोरच्या लढाईत मोगलांच्या तोफांपुढे आपला टिकाव लागणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने मराठ्यांची हलकी घोडदळे हाताशी धरली. शत्रूची रसद मारायची, वैरण जाळायची, रात्री छापा घालायचा आणि डोंगरात दिसेनासे व्हायचे, ही ती युद्धपद्धती. तिलाच आपण गनिमी कावा म्हणतो. शहाजीराजे तरुणपणी याच फौजेत लढले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र चालून आल्या तेव्हा अंबराने तलावाचा बांध फोडून शत्रूची वाट चिखलाने बंद केली आणि दोघांचाही पराभव केला. या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले, आणि शहाजीराजांचे सासरे, सिंदखेडचे लखुजी जाधवराव, त्या दिवशी मोगलांच्या बाजूला होते. सिंदखेडराजा आमच्यापासून काही फार लांब नाही. इतिहास आपल्या अंगणाच्या किती जवळून गेला आहे, हे परीक्षेच्या उत्तरात येत नाही.

आता खडकीविषयी. १६१० च्या सुमारास निजामशाहीची गादी दौलताबादला आली आणि त्याच वेळी अंबराने जवळच्या खडकी या लहानशा खेड्यात शहर वसवायला घेतले. भडकल दरवाजा १६१२ चा, मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ बांधलेला असे सांगतात. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यांतील दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा हे सारे पुढचे. औरंगजेबाने १६८२ मध्ये शहराला तट घातला त्या वेळचे. भडकल दरवाजा त्या तटाहून सत्तर वर्षांनी मोठा आहे. भिंतीच्या आधी दार बांधले, याचे भावाला फार हसू आले. दरवाजाच्या उंच कमानीखाली ऐन दुपारीही गारवा असतो. शेजारीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि तेथे येऊन हात जोडणारी माणसे दिवसभर दिसतात. एकीकडे बाजारात विकला गेलेला मुलगा, दुसरीकडे शाळेत पाण्याच्या माठाला हात लावू न दिलेला मुलगा. शहराने या दोघांना शेजारी आणले ते ठरवून नव्हे. पण मला तेथून लवकर निघवेना.

भडकलहून जवळच अंबराने बांधलेला नौखंडा महाल होता. पुढे तेथे निजाम उतरत असे. आता महालाचे फारसे काही उरलेले नाही आणि त्या जागेवर मुलींचे महाविद्यालय आहे. आम्ही गेलो तेव्हा सुट्टी असल्याने फाटक बंद होते. बाहेरूनच पाहिले. तेथून गल्ल्यागल्ल्यांतून जुन्या बाजारातली काळी मशीद आणि किल्लेअर्काकडची जामा मशीद पाहिली. जामा मशिदीचे काम अंबराने सुरू केले आणि औरंगजेबाने ते वाढविले. आत पन्नास खांब पाच रांगांत उभे आहेत. एकाच छपराखाली एकमेकांच्या वैऱ्यांचे खांब, आणि कोणता कोणाचा हे आम्हांला काही ओळखता आले नाही.

परंतु मलिक अंबराचे सर्वांत मोठे काम डोळ्यांना दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. खडकी नावाप्रमाणेच खडकाळ. शहर वसले, पण पाणी कोठून आणायचे? उत्तरेकडच्या डोंगरांत, हर्सूलच्या बाजूला, जमिनीखाली झिरपणारे पाणी होते. ते जमिनीखालच्याच बांधीव नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणायचे अशी त्याची कल्पना. त्याच्या वजिराने ती हसण्यावारी नेली अशी आख्यायिका आहे. १६१७-१८ च्या सुमारास, पंधरा महिन्यांत आणि सुमारे अडीच लाख रुपये खर्चून, ही नहर पूर्ण झाली म्हणतात. भडकलजवळच्या गोमुखापर्यंत पाणी आले आणि तेथून ते वस्तीत वाटले गेले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. पाणचक्की पाहून बहुतेक लोकांना तीच अंबराची नहर वाटते. मलाही तसेच वाटले होते. पण पाणचक्कीचे पाणी दुसऱ्या नहरीचे, आणि तिचे काम अंबरानंतर शंभर वर्षांच्या आसपासचे. तो हौद, ती दळणाची चक्की पाहावीच. मात्र श्रेय ज्याचे त्याला द्यावे.

आमच्या जाफराबादला केळणा आणि पूर्णा दोन नद्यांचा संगम आहे, तरी उन्हाळ्यात आईला डोक्यावरून पाणी आणावे लागते. त्यामुळे विजयाच्या कमानीपेक्षा या न दिसणाऱ्या नळाचे मला जास्त वाटले.

हे शहर मोगलांनी दोनदा लुटले, जाळले. पहिल्यांदा १६१६ मध्ये. ती लढाई आपल्याच जालना जिल्ह्यातल्या रोषणगावला झाली. अंबराचे काही मराठा सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. खानखानानाचा मुलगा शाहनवाजखान याने अंबराचा मोड केला आणि फौज थेट खडकीत घुसली. दुसऱ्यांदा १६२१ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, आला तेव्हा. नहर पूर्ण करण्याचे काम या दोन विध्वंसांच्या मधले आहे, हे सनावळी मांडून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले. जळालेल्या गावाला परत पाणी आणण्याची हिंमत कोठून येत असेल?

शेतकऱ्याची मुलगी म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंबराने जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरविला आणि वसुलीचा मक्ता घेऊन रयतेला नागविणारी पद्धत मोडली. सुरुवातीला पिकाचा दोन पंचमांश हिस्सा धान्यात घेत. पुढे रोखीत सुमारे एक तृतीयांश. आजच्या मानाने हे ओझे मोठेच. पण मक्तेदाराच्या लहरीवर जगण्यापेक्षा ठरलेला आकडा बरा, हे सावकाराच्या वहीशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना सांगायला नको. मराठेशाहीच्या कागदांत मलिकंबरी धारा हा शब्द दीर्घकाळ टिकून राहिला.

तो देवमाणूस होता असे मात्र मी लिहिणार नाही. ज्या मुर्तजाला गादीवर बसविले त्यालाच १६१० मध्ये अंबराने विष घालून मारले. राजाच्या थोरल्या राणीने अंबराच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, हे त्याचे कारण असे पीटर व्हॅन डेन ब्रोके या डच व्यापाऱ्याने नोंदविले आहे. हा व्यापारी १६१७ मध्ये अंबराला प्रत्यक्ष भेटलेला होता. राजा गेला, राणी गेली आणि राजाचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर आला. सत्तरीकडे झुकलेल्या, बादशहालाही न भिणाऱ्या माणसाला तो एक शब्द इतका झोंबला. खून तो खूनच, पण तो शब्द ज्यांनी आपल्या घरात ऐकला आहे त्यांना त्याचा संताप कळेल. ज्या मुलीवरून हे सगळे घडले तिचे नाव मला एकाही पुस्तकात सापडले नाही.

जहांगीर बादशहाचा तर त्याच्यावर इतका राग की आत्मचरित्रात तो अंबराचा उल्लेख शिवीशिवाय क्वचितच करतो. त्याच्या अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात जहांगीर अंबरासमोर रणांगणावर कधी आलाच नाही. ते मुंडके केवळ चित्रातच कापले गेले. आज ते चित्र आयर्लंडमधील डब्लिन शहरात जतन केलेले आहे. ग्रंथालयातील पुस्तकात त्याची छोटी प्रत पाहायला मिळाली.

१४ मे १६२६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, मलिक अंबर अंथरुणावर मरण पावला. त्यानंतर मुतमदखान या मोगल दरबाराच्याच इतिहासकाराने त्याचे युद्धकौशल्य आणि कारभार यांची मोकळेपणाने वाखाणणी केली. मुलगा फत्तेखान याने खडकीचे नाव बदलून आपल्या नावावरून फतेहनगर ठेवले. बापाची हुशारी मात्र त्याच्याकडे नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाही संपली, आणि १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबाने शहराला स्वतःचे नाव दिले. ज्याने ते वसविले त्याने मात्र खडकीला खडकीच राहू दिले होते. त्याचे नाव राहिले ते पाण्याच्या नळाला.

त्याची कबर खुलताबादला आहे आणि जवळच त्याची पत्नी करीमा हिची. तेथवर आमचे जाणे झाले नाही. आठव्या दिवशी आजीला सोडले. भोकरदनच्या एस. टी.त खिडकीची जागा मिळाली. हर्सूल आले तेव्हा भावाने आजीला डोंगराकडे बोट दाखवून नहर कोठून निघते ते समजावून सांगायला सुरुवात केली. आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की, एवढे पाणी आणले त्याने, पण ज्या गावाहून त्याला धरून नेले तिथे तो परत कधी गेला का? नाही, मी म्हटले. फुलंब्री येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.