घटक ४ : दामोदर धर्मानंद कोसंबी – आसरांच्या ठाण्यांपर्यंत पोहोचलेला गणितज्ञ

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• कोसंबी यांच्या जीवनाची आणि लोकदैवतविषयक कार्याची रूपरेषा सांगता येईल.
• जलदेवता, मातृदेवता आणि भूमी यांचे नाते स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या दैवताच्या ठाण्याची पद्धतशीर नोंद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. भर दुपारी तेथे एकट्याने जाऊ नये, असे घरातील वडीलधाऱ्यांनी तुम्हाला बजावलेही असेल. या साती आसरा. ‘परी’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. आसरा मात्र याच मातीतल्या. संस्कृतातील ‘अप्सरा’ प्राकृतात ‘अच्छरा’ होते आणि मराठीत ‘आसरा’. मत्स्य–मच्छ–मासा आणि वत्स–वच्छ–वासरू या मालिका शेजारी ठेवून पाहा, म्हणजे हा ध्वनिबदल किती नियमित आहे ते लक्षात येईल. ‘आश्रय’ या अर्थाचा आसरा हा शब्द वेगळा. त्याचे मूळही वेगळे. ‘अप्’ म्हणजे पाणी. तेव्हा स्वर्गातील नर्तकी होण्यापूर्वी अप्सरा पाण्यात वावरणारी होती, ही आठवण शब्दातच शिल्लक आहे.

अशा दैवतांकडे सुशिक्षित समाज बहुधा दोन प्रकारे पाहतो. काही जण त्यांना हात जोडतात, तर काही जण अंधश्रद्धा म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवतात. ज्यांनी तिसरी वाट दाखवली, त्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा परिचय आपण या घटकात करून घेणार आहोत.

४.२ घडण

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या शोधात घर सोडून ते नेपाळ, श्रीलंका असा प्रवास करून आले होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनकार्यासाठी त्यांना बोलावणे आले. १९१८ साली ते दामोदर यांना सोबत घेऊन अमेरिकेस गेले. दामोदर यांचे शालेय शिक्षण बहुतांशी तेथेच झाले आणि १९२९ साली ते हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले.

भारतात परतल्यावर त्यांनी बनारस आणि अलीगढ येथे आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. पुढे होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहते घर पुण्यात आणि काम मुंबईत, असा त्यांचा क्रम झाला. १९६२ पर्यंत ते या संस्थेत होते. आनुवंशिकीतील एक गणिती सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

गणिताच्या वाटेनेच ते इतिहासाकडे वळले. आहत नाण्यांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी हजारो नाणी तोलली. हातोहात फिरताना नाणे झिजते; त्या झिजेचेही गणित मांडता येते, हे त्यांनी दाखवले. त्याच चिकाटीने शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली.

४.३ पायी केलेले संशोधन

कोसंबी यांचे वेगळेपण तुम्हाला त्यांच्या पायपिटीत दिसेल. घरामागच्या टेकड्यांपासून मावळातील डोंगरवाटांपर्यंत ते हिंडत. गुराखी, धनगर, शेतकरी यांच्याशी बोलत. दगडाला शेंदूर कोण लावते, नवस कोण फेडते, देवीला काय चालते आणि काय चालत नाही, हे विचारत. या भटकंतीचे फलित ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ मधील ग्रंथात एकत्रित झाले.

त्यांचा एक महत्त्वाचा निबंध सुरू होतो तो ‘मृच्छकटिक’ नाटकातील एका प्रसंगापासून. चारुदत्त आपल्या मित्राला सायंकाळी चव्हाट्यावर मातृदेवतांना बली ठेवण्यास सांगतो. कोसंबी यांना प्रश्न पडला, की घर आणि देऊळ सोडून चव्हाट्यावरच का? पुस्तकात उत्तर मिळेना, म्हणून ते शिवारात गेले. तेथे त्यांना असे दिसले, की अनेक देवींची मूळ ठाणी गावाबाहेर, डोंगरउतारावर, जुन्या वाटा एकमेकींना छेदतात अशा जागी आहेत. गाव खाली वसले, देऊळही खाली बांधले गेले. तरीही लोक मूळ ठाण्याला विसरत नाहीत. अशा कित्येक ठाण्यांच्या परिसरात त्यांना सूक्ष्म पाषाणास्त्रे, म्हणजे अश्मयुगीन माणसाने घडवलेली गारगोटीची लहान हत्यारे सापडली.

यावरून त्यांनी असे अनुमान काढले, की नांगराची शेती स्थिरावण्यापूर्वी शिकारी आणि पशुपालक टोळ्या ज्या वाटांनी हिंडत, त्या वाटांच्या संगमावर या देवता बसल्या असाव्यात. देवीला पती नसणे आणि मूर्तीऐवजी अनघड तांदळा पुजला जाणे, या खुणा त्यांना प्राचीन वाटल्या. म्हसोबा आणि जोगूबाई यांच्यासारख्या दैवतांच्या विवाहात त्यांना दोन मानवसमूह एकत्र आल्याचे चिन्ह दिसले.

मावळातील ‘मावलाया’ या पाण्याशी निगडित देवता. त्यांचा उल्लेख नेहमी अनेकवचनी होतो आणि त्यांना मूर्ती नसते. कार्ल्याच्या शिलालेखात या प्रदेशाला ‘मामालाहार’ म्हटले आहे. ‘मावळ’ हे नाव आणि या मातृका यांचा संबंध कोसंबी जोडतात. म्हणजे मुलखाचे नावच त्या भूमीच्या देवतांवरून पडले असावे.

४.४ आपल्या परिसराशी नाते

वसई-विरारच्या विद्यार्थ्याला हे सारे दूरचे वाटू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपारकाहून आलेल्या सातिमित नावाच्या दात्याचा लेख आहे. सोपारक म्हणजे आपले नालासोपारा. त्याच लेण्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे आणि किनाऱ्यावरील कोळी समाज आजही तेथे जातो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही वाट अजून पावलांखाली आहे.

विरारच्या डोंगरावर जीवदानी देवी आहे आणि तेथेही खडकात कोरलेल्या प्राचीन गुंफा आहेत. पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नाच्या देवचौकात पालघट देवी रेखाटली जाते. ती सृजनाची, वनस्पतींच्या वाढीची देवता. हिरवा, वाघ्या, धान्याची कणसरी ही दैवतेही रान, श्वापद आणि शेत यांच्याशी जोडलेली आहेत. भूमीपासून तोडून त्यांचा अर्थ लावता येत नाही.

४.५ मर्यादा आणि मूल्यमापन

कोसंबी यांचे प्रत्येक अनुमान स्वीकारलेच पाहिजे असे नाही. एखाद्या ठाण्याजवळ पाषाणास्त्र सापडले, एवढ्यावरून त्या काळापासून तेथे अखंड पूजा चालू आहे, हे सिद्ध होत नाही. मधली हजारो वर्षे मूक आहेत. पुरावा कोठे संपतो आणि तर्क कोठे सुरू होतो, हे तुम्ही नेहमी तपासले पाहिजे.

तरीही त्यांची दृष्टी मोलाची आहे. ते स्वतः मार्क्सवादी विचारांचे, बुद्धिनिष्ठ होते. नवसाला देवी पावते, हे त्यांना मान्य नव्हते. पण नवस फेडणाऱ्या बाईचे म्हणणे त्यांनी शिलालेखाइतक्याच गांभीर्याने ऐकले. श्रद्धा खरी की खोटी, या प्रश्नापाशी ते थांबले नाहीत. ती याच जागी का, याच दिवशी का आणि याच माणसांकडे का, असे ते विचारत राहिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५८ वर्षांचे होते.

४.६ समारोप

वसईतील बावखले बुजत आहेत, विहिरींवर इमारती उभ्या राहत आहेत. रस्ता रुंद होताना चव्हाट्यावरचा दगड उचलला जातो. कधी नव्या देवळात जातो, कधी भरावात. दगड हलवता येतो, ठाणे हलवता येत नाही. दगडाबरोबर ती जागा कोणाची, तेथे पाणी कोठे होते, वाट कोठून येत होती, हे ज्ञानही नाहीसे होते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे ज्ञान असलेली एखादी आजी किंवा मावशी असेल. तिचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका आणि त्याला आपल्या पदरची भरही घालू नका. ते जसेच्या तसे लिहून ठेवा.

४.७ स्वाध्याय

१. ‘आसरा’ या शब्दाची व्युत्पत्ती सोदाहरण स्पष्ट करा.
२. मातृदेवतांच्या ठाण्यांविषयीचे कोसंबी यांचे अनुमान सांगून त्याची मर्यादा लिहा.
३. उपक्रम : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एका दैवताच्या ठाण्याला भेट द्या. दैवताचे स्थानिक नाव, जागा, जवळचे पाणी व वाटा, पूजा करणारे लोक आणि वर्षातील विशेष दिवस यांची नोंद करा. माहिती सांगणाऱ्याचे शब्द बोलीतच ठेवा.