सफद येथील रब्बी योसेफ कारो

यहूदी मनुष्य भाकरी मोडण्यापूर्वीं, पाणी पिण्यापूर्वीं, नवें वस्त्र अंगावर घालतांना आणि मेघगर्जना ऐकल्यावर देवाची उपकारस्तुति करितो, व बहुतेक प्रत्येक प्रसंगाचें स्तुतिवचन निराळें असतें, हें आमच्या पुष्कळ वाचकांच्या ऐकण्यांत असेल. हे नियम साध्या मनुष्यासही सांपडतील अशा रीतीनें ज्यांनीं एके ठिकाणीं मांडून ठेविले, त्या रब्बी योसेफ कारो ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

कारो ह्यांचा जन्म इ. स. १४८८ त स्पेन देशांत, बहुधा तोलेदो शहरीं झाला. ते चार वर्षांचे असतां, १४९२ सालीं, तेथील राजाराणीनें हुकूम काढिला कीं, जे यहूदी बाप्तिस्मा घेणार नाहींत त्यांनीं राज्य सोडून जावें. कारोंचें कुटुंब पोर्तुगालांत गेलें. पांच वर्षांनीं तेथेंही तोच प्रसंग ओढवला. तेथें तर पुष्कळांस बळजबरीनें बाप्तिस्मा देण्यांत आला. हें ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राजांनीं केलें, ही गोष्ट झांकून ठेवण्यासारखी नाहीं. शेवटीं तुर्कांच्या सुलतानाच्या राज्यांत ह्या लोकांस आसरा मिळाला. कारोंचे वडील एफ्राईम हे स्वतः विद्वान होते. ते वारल्यावर चुलते इसहाक ह्यांनीं पुतण्याचा सांभाळ केला.

डान्यूब नदीकांठच्या निकोपोल गांवीं व पुढें अॅड्रियानोपल शहरीं राहून कारोंनीं अध्ययन व अध्यापन केलें. तेथें त्यांस एक मोठी अडचण दिसली. निरनिराळ्या देशांतून हांकलून दिलेले लोक एकाच शहरांत येऊन राहिले होते, आणि प्रत्येकाची चाल आपापल्या गांवची. एकाच मेजाशीं बसलेले दोघे शेजारी कोणत्या पदार्थावर कोणतें स्तुतिवचन म्हणावें ह्याविषयीं एकमत होतीलच असें नव्हतें. म्हणून १५२२ सालीं कारोंनीं एक प्रचंड ग्रंथ आरंभिला. त्याचें नांव त्यांनीं योसेफाचें घर ह्या अर्थाचें ठेविलें. प्रत्येक नियम मुळापासून शोधावा, पूर्वींच्या तीन थोर शास्त्र्यांचीं मतें ताडून पाहावीं, व साधारणतः दोघांचें मत जुळेल तिकडे निर्णय द्यावा, अशी त्यांची रीत होती. ह्या कामास वीस वर्षें लागलीं.

परंतु कारो हे केवळ कायदेपंडित होते असें समजूं नये. मिशना हा जुना ग्रंथ घोकीत असतां स्वर्गीय वाणी आपणाशीं बोलते, असें त्यांस वाटे, व ती काय सांगते हें ते लिहून ठेवीत. पोर्तुगालांतील शलोमो मोल्खो नांवाचा तरुण ख्रिस्ती म्हणून वाढला होता. तो पूर्वजांच्या धर्मांत परत आला, म्हणून १५३२ सालीं इटलींतील मांतुआ शहरीं त्यास जिवंत जाळण्यांत आलें. तसेंच मरण आपणासही यावें, अशी कारोंची पुढें फार दिवस इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं.

सुमारें १५३६ सालीं ते गालील प्रांतांतील सफद ह्या डोंगरी गांवीं आले व मरेपर्यंत तेथेंच राहिले. तेथें १५६३ सालीं त्यांनीं आपल्या मोठ्या ग्रंथाचा संक्षेप पुरा केला. तो १५६५ सालीं व्हेनिस येथें छापला गेला. त्याचें नांव शुल्हान आरूख, म्हणजे मांडलेलें मेज. महिन्याभरांत एकदां सर्व वाचून व्हावें म्हणून त्याचे तीस भाग केले होते. जो ग्रंथ त्यांनीं विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं लिहिला, तोच पुढें सर्व जगभर गेला.

ह्या पुस्तकांत दररोज निदान शंभर स्तुतिवचनें म्हणावीं असें सांगितलें आहे. भाकरीचें निराळें, द्राक्षारसाचें निराळें, झाडाच्या फळाचें निराळें, जमिनींतून उगवणाऱ्या भाजीचें निराळें. हंगामाचें नवें फळ आलें, नवें घर घेतलें, किंवा जिवलग मित्र तीस दिवसांनीं भेटला, तर ह्या वेळेपर्यंत देवानें जिवंत ठेविलें म्हणून त्याचे आभार मानावे. तोच मित्र वर्षानें भेटला, तर मेलेल्यांस जिवंत करणारा म्हणून देवास धन्यवाद द्यावा. समुद्रावरून कांठास आलेला, रानांतून वस्तींत पोंहचलेला, आजारांतून उठलेला व बंदींतून सुटलेला, ह्या चौघांनीं दहा जणांसमोर उपकारस्तुति करावी. देशोधडीस लागलेल्या लोकांस हा नियम नुसता कागदावरचा नव्हता. वाईट बातमी आली तरीही स्तुति करावी, आणि तीही खुषीनें, असें कारो लिहितात. वाढदिवसाचा विधि मात्र ह्यांत सांपडत नाहीं. जुन्या करारांतही वाढदिवसाची मेजवानी दिसते ती फारोची.

आनंदाच्या प्रसंगींही यरुशलेमेच्या नाशाचा विसर पडूं देऊं नये, हा नियम आम्हांस विशेष वाटतो. नवें घर बांधिलें तर दारासमोर हातभर लांब व हातभर रुंद भिंत गिलाव्यावांचून ठेवावी. पाहुण्यांस मेजवानी दिली तर एक जागा मोकळी ठेवावी. नवऱ्या मुलाच्या कपाळावर राख लावावी.

आपल्या कोंकणांतील बेने-इस्राएल लोक लग्नाच्या किंवा नवसाच्या प्रसंगीं पोहे, खोबरें व गूळ ह्यांचा मलिदा करितात. तो कारोंच्या ग्रंथांत नाहीं. पण त्या ताटांतील फळांवर जीं स्तुतिवचनें म्हणतात तीं ह्याच जुन्या नियमांतलीं आहेत.

पोलंडांतील क्राकाव शहरचे रब्बी मोशे इस्सर्लिस ह्यांस मात्र हें मेज अपुरें वाटलें, कारण जर्मन व पोलिश यहूद्यांच्या चाली त्यांत नव्हत्या. त्यांनीं त्यावर टीपा लिहून त्यांस मेजावरचें कापड असें नांव दिलें. मुलगा तेरा वर्षांचा होऊन नियमशास्त्र पाळण्यास जबाबदार झाला म्हणजे बापानें कोणतें वचन म्हणावें, हें त्यांनीं घातलें. नवें वस्त्र घालणाऱ्यास तें जुनें होऊन पुन्हां नवें मिळो असा आशीर्वाद देण्याची चाल होती. चामड्याच्या जोड्यास तसें म्हणूं नये, कारण त्यासाठीं आणखी एक जनावर मरावें लागेल, ही टीप इस्सर्लिसांची. भांडण न वाढतां दोघांचेंही लिखाण एकाच पानावर छापलें जाऊं लागलें.

२४ मार्च १५७५ रोजीं, म्हणजे नीसान महिन्याच्या १३ व्या दिवशीं, वल्हांडणाच्या तोंडावर कारो सफद येथें मरण पावले. त्या वेळीं त्यांचें वय ८७ वर्षांचें होतें. त्यांची कबर तेथील जुन्या कबरस्थानांत आहे, आणि त्यांच्या नांवाचें सभास्थान आजही त्या गांवीं दाखवितात.