वाया गेलेल्या मुलाच्या हाती दिलेला चेंडू



बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. तरीही बेब रूथ हे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. अमेरिकेतील या थोर खेळाडूची जडणघडण एका कॅथोलिक संस्थेच्या मैदानावर झाली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

त्याचे खरे नाव जॉर्ज हर्मन रूथ. ६ फेब्रुवारी १८९५ रोजी मेरीलँड राज्यातील बॉल्टिमोर शहरात त्याचा जन्म झाला. वडिलांचा दारूचा गुत्ता होता. आठ भावंडांपैकी तो आणि एक बहीण एवढीच जगली. मुलगा रस्त्यावर उंडारू लागला, शाळा चुकवू लागला. १३ जून १९०२ रोजी, वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी, आईवडिलांनी त्याला सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूलमध्ये ठेवले. हा मुलगा सुधारण्यापलीकडचा आहे, अशी नोंद झाली. मधूनमधून तो घरी जाई, पण पुन्हा परत येई.

अनाथ आणि बिघडलेल्या मुलांची ही संस्था झेवेरियन ब्रदर्स चालवीत. मुले शेकड्यांनी होती. प्रत्येकाला काही तरी कसब शिकावे लागे. जॉर्ज शर्ट शिवायला शिकला. शिस्तीची जबाबदारी ब्रदर मॅथायस यांच्याकडे होती. हे कॅनडातून आलेले, सहा फुटांहून कितीतरी उंच असे गृहस्थ होते. मैदानावर ते एका हाताने बॅट फिरवून चेंडू उंच उडवीत आणि मुले ते झेलत. छोटा जॉर्ज भान हरपून पाहत राही. ब्रदरांनी त्याला फलंदाजी शिकवली, चेंडू अडवायला शिकवले. वर्षानुवर्षे तेच तेच करून घेतले.

एकदा आपल्या संघाच्या गोलंदाजाची धुलाई होताना पाहून जॉर्ज खदाखदा हसू लागला. ब्रदरांनी त्याला शिक्षा केली नाही. एवढे हसू येत असेल तर तूच जाऊन टाक, असे म्हणून त्यांनी त्याला गोलंदाजीला उभे केले. त्याने पूर्वी कधी गोलंदाजी केली नव्हती. पण त्या दिवशी त्या डावखुऱ्या मुलाला आपली जागा सापडली.

फेब्रुवारी १९१४ मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्स संघाचे मालक जॅक डन यांनी त्याला हंगामाला ६०० डॉलर पगारावर घेतले. डन यांचे बाळ म्हणून सहकारी त्याला ‘बेब’ म्हणू लागले. डन यांच्या मैदानासमोरच दुसऱ्या लीगचा संघ आला होता आणि प्रेक्षक तिकडे वळले होते. पैशांअभावी त्यांनी जुलैमध्ये बेबला बॉस्टन रेड सॉक्सला विकले. ११ जुलै १९१४ रोजी त्याने पहिलाच सामना जिंकला. पण लवकरच त्याला खालच्या दर्जाच्या प्रॉव्हिडन्स संघात पाठवण्यात आले. तेथून परतल्यावर १९१५ मध्ये त्याने गोलंदाज म्हणून १८ सामने जिंकले, १९१६ मध्ये २३. त्या वर्षी वर्ल्ड सीरिजमधील एक सामना नऊऐवजी चौदा डाव चालला. बेबने तो एकट्याने टाकला आणि २-१ असा जिंकला. पुढे फलंदाजीकडे वळून त्याने १९१९ मध्ये २९ होमरन मारले. एका हंगामात तोवर कोणीही एवढे मारले नव्हते.

बेब रूथ संत नव्हता. खाणे, पिणे, पैसा, बायका, कशालाच त्याला धरबंध नव्हता. मैदानावर अंगी बाणलेली शिस्त घरी पोहोचली नाही. माणूस वारंवार जे करतो तसा घडतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो. पण एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. ब्रदर मॅथायस यांच्या श्रमांनाही ही मर्यादा होतीच.

तरी तो त्यांना विसरला नाही. १९१९ मध्ये शाळा आगीत भस्मसात झाली, तेव्हा तिच्या उभारणीसाठी मुलांच्या बँडने दौरा केला; त्यात बेबने मनापासून मदत केली. ब्रदरांना त्याने मोटारही घेऊन दिली. १६ ऑगस्ट १९४८ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्याच्यासाठी अंत्यविधीची मिस्सा झाली.

आपल्या घरात, शेजारात, धर्मशिक्षणाच्या वर्गातही एखादा मुलगा असतो, ज्याच्याविषयी आपण हा आता वाया गेला असे म्हणून मोकळे होतो. तो सुधारेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. ब्रदर मॅथायस यांनाही ती नव्हती. त्यांनी त्याला वेळ दिला, आणि तो हसला त्या दिवशी त्याच्या हाती चेंडू दिला. या आठवड्यात अशा एखाद्या मुलाला नावाने हाक मारू या आणि त्याच्याकडे एखादे जबाबदारीचे काम सोपवू या.